कॅमेऱ्यासमोरचा ग्लास: घरून कॉमेडी करणाऱ्यांच्या पिण्याबद्दल तुमचे प्रश्न

समोर प्रेक्षक नसताना घरून कॉमेडी कशी करायची, यावर मागे लिहिलं होतं. त्यानंतर जे प्रश्न आले त्यात एक गोष्ट सारखी डोकावतेय, ती म्हणजे शो चालू असताना पिणं. म्हणून आज फक्त तेच घेतेय.

प्रश्न: ताई, २०२० मध्ये अमेरिकेतले लेट नाइट शोवाले, म्हणजे रात्री उशिराच्या टीव्हीवरच्या कॉमेडी शोचे होस्ट, कोविडमुळे आधी रिकाम्या स्टुडिओतून आणि मग घरून शो करत होते, तेव्हा काही जण सरळ कॅमेऱ्यासमोर पिताना दिसायचे. एरवी नाही आणि तेव्हाच का?

अशाच एका होस्टचा, स्टीफन कोल्बेरचा, १२ मार्च २०२० चा शो मिळाला तर बघा. त्याचा शो जिथे व्हायचा ते न्यूयॉर्कचं एड सुलिव्हन थिएटर पूर्ण रिकामं, हसायला फक्त टीममधली माणसं, आणि कोल्बेर डेस्कवर बसून बर्बन व्हिस्कीचे घोट घेत बोलतोय. चारच दिवसांनी, १६ मार्चला, तो घरच्या बाथटबमध्ये सूट घालून बसला आणि तिथून मोनोलॉग, म्हणजे शोच्या सुरुवातीला होस्ट एकटाच जोक करत बोलतो तो भाग, केला. जिमी फॅलन हा दुसरा होस्ट पण त्याच आठवड्यात घरून करायला लागला, कॅमेरा बायकोच्या हातात आणि मुली मधेच फ्रेममध्ये.

आता हे मोनोलॉग लिहिलेले कसे असतात बघा. जोक, मग हशा, त्या हशात होस्ट श्वास घेतो, पुढची ओळ बघतो, चेहऱ्यावर रिअॅक्शन आणतो आणि मग पुढचा जोक. म्हणजे हशा हा स्क्रिप्टचाच भाग असतो, फक्त तो लिहायचं काम प्रेक्षक करतात. तो काढून घेतला की प्रत्येक जोकनंतर एक-दोन सेकंदांचं भगदाड पडतं आणि हात आपोआप ग्लासकडे जातो, कारण घोट घेतला की त्या शांततेला काहीतरी कारण मिळतं. मी शिकवते तिथे हे साध्या पाण्याच्या बाबतीत पण दिसतं, जोक पडला की बाटली उचलली. त्यामुळे माझं मत असं आहे की त्यातलं बरंचसं पिणं नशेसाठी नव्हतंच, ती हशाची रिकामी जागा होती.

दुसरं म्हणजे तेव्हा बघणारे पण पितच होते. बाजारातल्या विक्रीचे आकडे ठेवणाऱ्या नील्सन कंपनीप्रमाणे २१ मार्च २०२० ला संपलेल्या आठवड्यात अमेरिकेतली दारूची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी जास्त होती. होस्टच्या हातातला ग्लास म्हणजे 'मी पण तुमच्यासारखाच घरात अडकलोय' असं सांगणं होतं आणि त्या काळात लोकांना ते जवळचं वाटलं, यात नवल नाही. पण तो देश त्या वर्षी कुठे गेला ते पण लक्षात ठेवा, २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये तिथले दारूशी संबंधित मृत्यू साधारण २५ टक्क्यांनी वाढले.

प्रश्न: मी नवीन आहे, ऑनलाइन ओपन माइक (कोणीही येऊन जोक करू शकतो असा कार्यक्रम) करतो. आधी एक पेग घेतला की मस्त मोकळं वाटतं आणि सेट, म्हणजे सलग केलेले माझे जोक, जबरदस्त झाला असं वाटतं. पण नंतर रेकॉर्डिंग बघितलं की तेवढं काही नसतं. असं का होतं?

तुम्ही रेकॉर्डिंग बघता हीच मोठी गोष्ट आहे, बरेच जण बघत नाहीत आणि वर्षभर त्याच गैरसमजात राहतात.

दारूने आधी भीती सैल पडते आणि तिच्याबरोबरच स्वतःवरची नजर पण सैल पडते, म्हणजे आपण चुकतोय हे ज्याने कळतं तेच मंद होतं. जिभेवर परिणाम व्हायच्या आधी हे होतं म्हणून आपल्याला वाटतं की मी तर एकदम नॉर्मल आहे. शिवाय रक्तातलं अल्कोहोल वाढत असताना उत्साह वाटतो आणि उतरायला लागलं की सुस्ती येते, म्हणजे सेटची सुरुवात उड्या मारत आणि शेवट ओढत ओढत, आणि कॉमेडीत तर सगळ्यात भारी जोक शेवटी ठेवलेला असतो! पॉज अर्धा सेकंद लांबला तरी पंच, म्हणजे जोकची हसवणारी शेवटची ओळ, मरतो, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि घरी हे क्लबपेक्षा जास्त घातक आहे. क्लबमध्ये तुमची नजर सैल पडली तरी समोरची खोली तुम्हाला सांगत असते, खुर्च्या सरकतात, कोणीतरी खोकतं, हशा बारीक होतो आणि तुम्ही वेग बदलता. घरी बाहेरची नजर नाहीच, आणि होती ती आतली तुम्ही स्वतःच झोपवली, मग सेट कसा चाललाय हे सांगणारं उरलं कोण?

एक करून बघा. तोच सेट एकदा न पिता आणि एकदा पेग घेऊन रेकॉर्ड करा, दोन्ही एखाद्या स्पष्टवक्त्या मित्राला पाठवा, कुठला कसा केलाय ते सांगू नका. तो जे म्हणेल त्यावर विश्वास ठेवा.

भीती खरी आहे आणि तिचं काहीतरी करायलाच हवं, पण औषध वेगळं आहे. माणूस आणा. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या संशोधकाने हसण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, त्याला दिसलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण ३० पट जास्त इतरांबरोबर असताना हसतो. म्हणजे तुमचा जोक चांगला असला तरी एकटा बघणारा माणूस बहुतेक वेळा नुसता नाकातून हवा सोडणार, ते मनाला लावून घेऊ नका. खोलीत एक तरी माणूस बसवा ज्याने ते जोक ऐकलेले नाहीत. ते शक्य नसेल तर कॉलवरच्या तीन-चार जणांना माइक चालू ठेवायला सांगा, हशा जरा उशिरा पोचेल पण पोचेल. कोल्बेरने पण शेवटी हेच केलं, घरून करताना बायको एव्ही समोर असायची आणि पुढे ऑगस्टमध्ये तो थिएटरच्या इमारतीतल्या छोट्या खोलीतून करायला लागला तेव्हा पण तिचं हसणं ऐकू यायचं, आणि एका माणसाच्या हसण्यावर त्याचं टायमिंग परत उभं राहिलं. थिएटर परत भरलं ते जून २०२१ मध्ये, तोपर्यंत तो असाच चालवत होता.

आणि लिखाण बदला. जॉन ऑलिव्हर हा आणखी एक होस्ट तेव्हा पांढऱ्या कोऱ्या बॅकग्राउंडसमोर एकटा बसून करत होता तरी फार विस्कटला नाही, कारण त्याचा शो मुळात काहीतरी समजावून सांगण्याचा आहे, वाक्य हशासाठी थांबून राहत नाही. ऑनलाइन सेटमध्ये हशासाठी सोडलेल्या जागा कमी करा, जोक एकमेकांना चिकटवून घ्या. हाताला काहीतरी लागतच असेल तर कोमट पाणी.

प्रश्न: माझं कॅरेक्टरच दारुड्याचं आहे. थोडी घेतली तर जास्त खरं वाटणार नाही का?

नाही. ज्यांनी यावर नाव कमावलं त्यांचं बघा. अमेरिकेत फॉस्टर ब्रुक्स हा दारुडा करण्यासाठीच प्रसिद्ध होता, अडखळणं, मधेच ढेकर, शब्द शोधणं, आणि टीव्हीवर तो हे करत होता तेव्हा त्याने स्वतः पिणं सोडून बरीच वर्षं झाली होती. १९६४ मध्ये एका पैजेवर सोडली होती त्याने. गायक आणि कॉमेडियन डीन मार्टिनच्या हातात स्टेजवर कायम ग्लास असायचा, पण त्यात पुष्कळदा सफरचंदाचा ज्यूस असायचा असं त्याच्या जवळचे लोक सांगत आले.

कारण साधं आहे. प्यायलेला माणूस आपण शुद्धीत आहोत हे दाखवायची धडपड करत असतो, शब्द नीट उच्चारायला जातो, सरळ चालायला जातो, आणि हसू येतं ते त्या धडपडीला. ही धडपड बारकाईने करायची तर डोकं पूर्ण जागेवर लागतं. नुसतं झोकांड्या खाणारे नवशिके इथेच फसतात.

प्रश्न: मी लाइव्ह स्ट्रीमवर कॉमेडी करतो. ठराविक रकमेचं डोनेशन आलं की एक शॉट असं ठेवलंय, व्ह्यूज खूप वाढलेत. लिमिट किती ठेवू?

लिमिट ठेवू नका, प्रकारच बंद करा. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतेय.

शॉट घेतल्यावर तो रक्तात पूर्ण चढायला अर्धा ते दीड तास लागू शकतो, आणि लिव्हर ताशी साधारण एकाच ड्रिंकचा निचरा करतं, ड्रिंक म्हणजे ४० टक्के अल्कोहोलच्या दारूचे जेमतेम ४५ मिली. डोनेशन मात्र मिनिटाला येतात. म्हणजे 'अजून काहीच चढलं नाही' असं तुम्ही कॅमेऱ्यात सांगत असता तेव्हा पोटात पुढच्या तासाभराची दारू आधीच जाऊन बसलेली असते. एकटे असाल आणि बेशुद्ध पडून उलटी श्वासनलिकेत गेली तर स्क्रीनवरच्या हजार लोकांपैकी एकही तुम्हाला कुशीवर वळवू शकत नाही, त्यातल्या निम्म्यांना तर तो अभिनय वाटेल. ड्रंक हिस्ट्री या अमेरिकन शोमध्ये कॉमेडियन खरंच पिऊन इतिहास सांगायचे, पण तिथे आजूबाजूला अख्खं युनिट असायचं आणि लक्ष ठेवायला मेडिकलचा माणूस.

डोनेशनवर दुसरं काहीतरी ठेवा. लोकांनी दिलेल्या शब्दावर जागच्या जागी जोक, हरलात तर तिखट, आंबट, काहीही. व्ह्यूज थोडे पडतील. पडू देत.

प्रश्न: टीव्हीवर असं पिणं कायद्याने चालतं का?

देशादेशात वेगळं आहे. अमेरिकेत होस्टने पिण्यावर केंद्राची सरसकट बंदी नाही, पण गंमत बघा, तिथल्या टीव्हीवरच्या बिअरच्या जाहिरातीत कोणी घोट घेताना दाखवत नाहीत, आणि तो कायदा नाही, धंद्यातली जुनी रीत आहे. ऑनलाइन करत असाल तर तुमच्या इथला कायदा आणि प्लॅटफॉर्मचे नियम दोन्ही वाचा.

प्रश्न: ताई, माझा नवरा दर आठवड्याला घरून लाइव्ह शो करतो. आधी फक्त शोमध्ये एक ग्लास असायचा, आता शोच्या आधी पण आणि नंतर पण असतो, शो नसेल त्या दिवशी पण. बोलले की म्हणतो हे माझ्या कामाचा भाग आहे. काय करू?

तुम्हाला जे दिसतंय ते बरोबर दिसतंय. शो नसलेल्या दिवशी पण दारू लागते म्हणजे तिचा आता कामाशी संबंध उरलेला नाही, आणि हे त्यालाही आत कुठेतरी माहीत असणार.

शोच्या रात्री किंवा प्यायलेला असताना विषय काढू नका. सकाळी काढा. 'तू दारुडा झालास' असं म्हणाल तर तो भांडेल, त्यापेक्षा पाहिलेलं सांगा, की मंगळवारी शो नव्हता तरी घेतलीस, परवा मुलांशी काय बोललास ते तुला सकाळी आठवत नव्हतं. आणि एक विचारा, पुढचे चार शो ग्लासशिवाय करशील का? सहज जमले तर चांगलंच. टाळाटाळ झाली, चिडचिड झाली किंवा दुसऱ्याच शोला मोडलं, तर मग व्यसनावर काम करणाऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली आहे.

पण रोज भरपूर पीत असेल तर त्याला एका दिवसात पूर्ण बंद करायला लावू नका, आणि वरची चार शोंची परीक्षा पण नको, आधी डॉक्टर. शरीराला सवय झालेली असताना अचानक सोडली की थरथर, घाम, भास, फिट येणं असं होऊ शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. थरथर किंवा भास दिसले तर थांबू नका, थेट हॉस्पिटल. डॉक्टरांकडे जाताना गेल्या पंधरा दिवसांत कधी आणि किती घेतली ते कागदावर लिहून न्या, शक्यतो त्यालाच लिहू दे. आणि तोपर्यंत शोच्या वेळी त्या खोलीत तुम्ही बसा, त्याला चालत असेल तर. जिथे हसू येईल तिथे मोठ्याने हसा, जिथे येणार नाही तिथे हसू नका.