परत येणारा डबा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू होऊन तुला दोन महिने झाले. परवा फोनवर तू सांगितलेस की, डबा रोज तसाच परत येतो, जेवायला वेळच मिळत नाही. आणि हे सांगताना तुझ्या आवाजात थोडा अभिमान होता. तीसेक वर्षांच्या नोकरीत निम्मा काळ तोच अभिमान मीही बाळगला, म्हणून हे पत्र.

माझा अभिमान एका लसीकरण सत्राने उतरवला. सकाळी चहा-बिस्किटांवर निघाले होते आणि दुपारचे अडीच वाजले तरी पोटात दुसरे काही नव्हते. संध्याकाळी नोंदवही पूर्ण करताना लक्षात आले की, एका गरोदर बाईचा १५०/१०० हा वाढलेला रक्तदाब मी तिच्या शेजारी बसलेल्या दुसरीच्या कार्डावर लिहिला आहे. आशाताईला सोबत घेऊन अंधारात पुन्हा ते गाव गाठले. जिला दुपारीच दवाखान्यात पाठवायला हवे होते, ती दिवसभर निंदण करून नुकतीच घरी आली होती. वेळेत पोचलो म्हणून निभावले. वीस मिनिटांचे जेवण वाचवून मी तीन तासांचे काम वाढवले होते, आणि त्यात एका बाईचा जीव टांगणीला लागला होता. त्या दिवसापासून कार्यक्षमता म्हणजे किती बायका तपासल्या हा हिशेब मी सोडून दिला; किती काम दुसऱ्यांदा करावे लागले नाही, ते मोजू लागले.

गोड चहा आणि बिस्किटांनी तेवढ्यापुरती तरतरी येते, पण तासाभरात पुन्हा गळून गेल्यासारखे होते. ज्वारीची भाकर, तुरीचे घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, जवसाची चटणी आणि लिंबाची फोड एवढा डबा दुपारभर पुरतो. जेवणावर लगेच चहा मात्र नको, कारण त्याने अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपण ज्यांना लोहाच्या गोळ्या वाटतो त्याच या बायका, असे आपण धरून चालतो. त्या आकड्यात आपणही असू शकतो हे मनात येत नाही.

पाण्याबद्दल कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच लिहिते. गावात संडासाची सोय नसते, म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, हे अंगावर येते: डोके दुखते, चिडचिड होते, पुढे लघवीला जळजळ सुरू होते. प्रत्येक गावात एक घर ठरवून ठेव. अंगणवाडीताईचे असो वा आशाताईचे, जिथे संकोच न करता जाता येईल. हे मला फार उशिरा सुचले. पाण्याची बाटली मग आपोआप रिकामी होऊ लागते. उन्हाळ्यात जोडीला आंबील किंवा पन्हे ने.

व्यायामाचे म्हणशील, तर ‘दिवसभर उभीच तर असते’ हे उत्तर मला देऊ नकोस, कारण उभे राहणे हा व्यायाम नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते. पायी झपाझप केलेल्या गृहभेटी पहिल्या हिशेबात धरता येतील. दुसऱ्यासाठी उठाबशा आणि भिंतीला हात टेकून केलेले जोर पुरेत, क्वार्टरच्या खोलीत पंधरा मिनिटांत होतात. प्रसूतीच्या टेबलाशी वाकून आणि एकाच खांद्यावर व्हॅक्सिन कॅरियर, म्हणजे लसींची थंड पेटी, वाहून माझी कंबर चाळिशीतच धरली होती, तेव्हा हे टाळू नकोस. मात्र रात्र बाळंतपणात जागून गेली असेल, तर सकाळी व्यायाम नको, झोप घे.

येत्या मंगळवारच्या सत्राआधी स्वतःचे हिमोग्लोबिन तपासून घे आणि आकडा मला कळव. बाराच्या खाली आला, तर औषधपेटीतल्या लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नकोस. आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखव.

तुझी,
सिस्टरबाई