लिस्बनचं मोंतैरू-मोर उद्यान आणि पोशाख संग्रहालय: पहिल्यांदा जाताय तर

लिस्बनला पहिल्यांदा जाऊन शहरातल्या लुमियार भागातली ही बाग आणि संग्रहालय बघायचा बेत आखताय, हे तुमच्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. बहुतेक लोक तिकडे फिरकतच नाहीत. मेट्रोचं लुमियार स्टेशन आहे, तिथून चालत जाता येतं. सोमवार मात्र टाळा, त्या दिवशी दोन्ही बंद असतात.

नवखे लोक संग्रहालयातच सगळा वेळ घालवतात आणि बागेला शेवटची पंधरा मिनिटं देतात. उलट करा. बाग सुमारे 11 हेक्टरची आहे आणि उतारावर आहे. जाताना सोपं वाटतं, वर येताना दम लागतो. म्हणून:

- आधी बाग, तीही सकाळी. पायात घट्ट बूट हवेत.
- नॉरफोक पाइन हे झाड नक्की शोधा. त्याच्या फांद्या खोडाभोवती थराथरांनी आडव्या पसरतात. बुंध्याशी उभं राहून वर बघा, थर मोजावेसे वाटतील.

अठराव्या शतकात आंजेजाच्या मार्क्विसनं (म्हणजे तिथल्या बड्या सरदारानं) ही बाग उभी करायला घेतली, तेव्हा इटालियन निसर्गशास्त्रज्ञ दोमेनिको वांदेल्ली मदतीला होता. एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

संग्रहालय शेजारच्याच आंजेजा-पालमेला राजवाड्यात आहे, 1977 मध्ये उघडलेलं. आत उजेड मंद असतो. प्रकाशानं जुनं रेशीम विटतं आणि तंतू ठिसूळ होतात, त्यामुळे फ्लॅश अजिबात नको. सगळी दालनं उरकायच्या मागे लागू नका. एकच पोशाख निवडा, त्याची शिवण, बाह्यांची जोडणी, भरतकाम जवळून बघा.

नाट्य-नृत्य संग्रहालयही त्याच आवारात आहे, पण ते पुढच्या खेपेला.