‘मला माणसं ओळखता येत नाहीत हो!’

भोसरी असो, चाकण असो की हिंजवडी, हे वाक्य ऐकू येतंच. भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान मशीन शॉपचे व्यवस्थापकही तेच घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले. क्वालिटीच्या जागेवर वर्षात तीन माणसं घेतली, तिन्ही गेली. मालकांचे टोमणे चालू, झोप उडालेली, आणि पुढच्या मुलाखती तोंडावर आलेल्या.

दोन भेटी स्वतःला दोष देण्यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी कोरा कागद पुढे केला. ‘शेवटच्या माणसाबद्दल मुलाखतीत जे कळलं, ते लिहा.’

त्यांनी भराभर लिहिलं: सोलापूरचा. वडील गिरणीत होते. नम्र. घरची जबाबदारी आहे, म्हणजे टिकेल.

‘आणि तुमचे वडील?’

‘गिरणीतच. सोलापूरला.’ ते कागदाकडे बघत राहिले. ‘मापं घेता येतात का, हे मी विचारलंच नाही की!’

‘मुलाखतीच्या पाऊण तासात बोललं कोण?’

‘मीच.’

इथे गाठ सुटली. एक गोष्ट भावली की बाकीचे गुणही आपण मनानेच बहाल करतो. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने हा दोष १९२० मध्येच दाखवला होता. माणूस ओळखण्याच्या दैवी नजरेवर माझा विश्वास नाही. १९५५ मध्ये तरुण मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमनने इस्रायली सैन्यासाठी बसवलेली मुलाखत मला जवळची वाटते: सहा गुण, एकेकावर प्रश्न, तिथल्या तिथे गुणांकन, आणि मनाचा कौल सगळ्यात शेवटी. मुलाखत घेणारे तेव्हा कुरकुरले होते, आमचे व्यवस्थापकही कुरकुरले.

आम्ही चारच गुण ठरवले: मापं, नोंदी, चूक कळवण्याची तयारी, शिफ्टमधलं वागणं. प्रत्येकाला १ ते ५. पुढच्या गुणाकडे जाण्याआधी आकडा लिहायचा, नाहीतर पहिली छाप सगळीकडे पसरते. दोघांनी मुलाखत घ्यावी, पण आकडे लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलू नये; वरिष्ठ आधी बोलला की धाकट्याचा आकडा सरकतो.

‘रिजेक्शन आलं, म्हणजे माल नापास होऊन परत आला, तर काय कराल?’ या प्रश्नाला सगळे पाठ केलेलं उत्तर देतात. ‘मागच्या वेळी आलं तेव्हा काय केलंत?’ असं विचारा. उत्तरात ‘आम्ही केलं’ आलं, तर ‘त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?’ आणि मग गप्प बसा. ही शांतता व्यवस्थापकांना सोसत नाही, ते स्वतःच उत्तर पुरवतात. आमच्या सरावात यांनी चारदा पुरवलं.

बोलण्याआधी हातात काम द्या. २० मिमी व्यास, ±०.०२ इतकी सूट असं ड्रॉइंग, पाच जॉब (घडवलेले भाग), त्यातला एक २०.०३ चा, म्हणजे सुटीबाहेरचा. टेबलावर व्हर्निअर आणि मायक्रोमीटर, ही मापं घ्यायची दोन्ही साधनं. ०.०२ लघुत्तम मापाचा (त्याहून बारीक फरक न दाखवणारा) व्हर्निअर इथे पुरत नाही, जाणकार ०.०१ चा मायक्रोमीटर उचलतो, जॉब पुसतो, आधी शून्य तपासतो. दहा मिनिटं पुरतात. सगळ्यांना तेच जॉब, तेवढाच वेळ.

चौथा माणूस त्यांनी असाच निवडला. ‘मला तो फारसा आवडला नव्हता,’ ते नंतर म्हणाले. गुणांचा कागद मात्र मी त्यांना फाडू दिला नाही. तीन महिन्यांनी त्याच चार रकान्यांत प्रत्यक्ष कामाचे आकडे भरायचे. जिथे दोनपेक्षा जास्त फरक पडेल, तिथला प्रश्न बदलायचा.