दिवसभर जावा लिहून उजवी करंगळी भरून येते: ड्वोराक शिकू की कोलमॅक?

निदान आत्ता तरी या दोन्ही कीबोर्ड-मांडण्या नकोत. तुम्ही दिवसा अंधेरीच्या ऑफिसात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा लिहिता आणि घरी इनस्क्रिप्टवर (भारतीय लिपींसाठीची कीबोर्ड-मांडणी) मराठी, असं प्रश्नात आहे. तुमची करंगळी अक्षरांनी दमत नाही. क्वर्टीवर, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी मांडणीवर, उजव्या करंगळीला अक्षर एकच, पी. बाकी अर्धविराम, अवतरणचिन्हं, चौकोनी आणि महिरपी कंस, एन्टर, बॅकस्पेस, शिफ्ट, सगळी हमाली तिचीच. ड्वोराकने (पेटंट 1936 चं) यातलं फारसं काही सुटत नाही. तिथे एल आणि एस दोन्ही उजव्या करंगळीवर, म्हणजे टर्मिनलवर ‘एलएस’ लिहून फाइलींची यादी काढायची तरी तीच राबते. चौकोनी-महिरपी कंस तर आकड्यांच्या रांगेत जातात.

त्यापेक्षा एक लेअर करून घ्या, म्हणजे एक बटण धरून ठेवलं की बाकीच्या बटणांना दुसरी कामं मिळतात. उजव्या अंगठ्याने उजवा ऑल्ट धरून ठेवायचा आणि कंस डाव्या हाताने काढायचे: डी-एफवर साधे, ई-आरवर महिरपी, सी-व्हीवर चौकोनी. कॅप्स लॉकचा बॅकस्पेस करा. कोलमॅकमध्येही तसाच असतो. स्पेसबारला लेअरचं काम देऊ नका, भरभर टाइप करताना शब्दांमधली जागा गिळली जाते. ‘कनाटा’ हा मोफत प्रोग्राम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, सेटिंग एका साध्या टेक्स्ट फाइलीत. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही टाकायची परवानगी नसेल, तर क्यूएमके (कीबोर्डच्या आतच चालणारा प्रोग्राम) चालणारा कीबोर्ड घ्या. त्यात मांडणी कीबोर्डच्याच मेमरीत राहते. (आयटीवाल्यांना आधी विचारा, काही ठिकाणी बाहेरचं यूएसबी काहीच चालत नाही.) लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन बटणं हाताने दाबून बघा, फोटोवरून काही कळत नाही.

एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. तरीही अक्षरं बदलायचीच असतील तर माझं मत कोलमॅकला. 2006 सालची ही मांडणी क्वर्टीतली फक्त 17 बटणं हलवते आणि झेड, एक्स, सी, व्ही जागच्या जागी ठेवते, त्यामुळे कॉपी-पेस्टची सवय मोडत नाही. अर्धविराम मात्र पीच्या जागी वर जातो. जावावाल्याला ते खुपणार, तेव्हा तोही लेअरमध्ये घ्या. रिलीजच्या आठवड्यात सुरुवात करू नका.

तुमच्या बाबतीत खरी मेख मराठीची आहे. इनस्क्रिप्ट बटणाच्या जागेवर चालतं. कोलमॅक कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये) घातलात, तर कॉम्प्युटरला वाटतं साधा क्वर्टीच आहे, आणि ‘क’च्या जागी बोट ठेवलं की काना उमटतो! म्हणून कंसांचा लेअर कीबोर्डमध्ये ठेवला तरी चालेल, पण कोलमॅक ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंगमधूनच लावा. मॅक आणि लिनक्सवर तो आयता मिळतो. मग भाषा मराठी केली की इनस्क्रिप्ट पूर्वीसारखंच चालतं.

करंगळीला मुंग्या येत असतील किंवा ती बधिर होत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.