वाचकांचे प्रश्न : चौघं शहाणे, तरी शेताचे बारा तुकडे

प्रश्न : आम्हा चौघा भावंडांत तीन शेतं वाटायची होती, शेवटी प्रत्येक शेताचे चार भाग करून १२ तुकडे पडले. जमीन एकत्र कसली तर फायदा हे सगळ्यांनाच कळतं. मग हा गेम थिअरीतला (एकाचा फायदा दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असतो, त्या अभ्यासातला) प्रिझनर्स डिलेमा, म्हणजे कैद्यांचा पेच, म्हणायचा का?

उत्तर : मला नाही वाटत. त्या कोड्यात दोन साथीदार कैद्यांना वेगवेगळं बसवून विचारतात, आणि समोरचा गप्प बसो की नाव सांगो, आपल्याला दगा देणंच फायद्याचं असतं. तुमचं तसं कुठंय? बाकीचे तिघं खरंच एकत्र राहणार असतील तर चौथ्यालाही राहणंच परवडतं, फक्त ते राहतील याची खात्री नसते. तत्त्वज्ञ रूसोने १७५५ मध्ये सांगितलेली हरणाच्या शिकारीची गोष्ट जास्त जवळची आहे, सगळे जागेवर थांबले तर हरीण मिळणार पण एकजण सशामागे पळाला की बाकीचे उपाशी, म्हणून जो तो आधीच ससा धरतो. आपला वेगळा तुकडा म्हणजे तो ससा.

पण मग चारच्या जागी बारा का? कारण एकाला विहिरीजवळची भारी जमीन नि दुसऱ्याला मुरमाड असं नको, आणि किती मुरमाड म्हणजे किती भारी हा हिशोब कुणाचा कुणाला पटत नाही. भांडण टाळायची किंमत आहे ती, मूर्खपणा नाही. (मॅक्लॉस्की या इतिहासकार तर म्हणतात की मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एकेका शेतकऱ्याच्या विखुरलेल्या पट्ट्या म्हणजे विमाच होता, एकीकडचं पीक गेलं तरी दुसरीकडचं हाती.)

किंमत बघा ना, १ हेक्टरचं चौकोनी शेत, १०० मीटर बाजू, चार पट्ट्या पाडल्या तर मीटरभर रुंदीचे तीन बांध, ३०० चौरस मीटर गेले. पुढच्या पिढीत १६ पट्ट्या, १५ बांध, म्हणजे १५ टक्के जमीन बांधाखाली!

पुन्हा एकत्र करणं त्याहून अवघड, कारण सगळ्यांची सही लागत असेल तर शेवटी सही करणाऱ्याचा भाव वधारतो, हे सगळ्यांनाच माहीत, त्यामुळे जो तो शेवटचा व्हायला बघतो. नेदरलँड्सने तुकडे एकत्र करण्याच्या १९२४ च्या कायद्यात बहुमत पुरेसं केलं, मग एकट्याने अडून बसण्यात काही राहिलं नाही.

तुमच्या चौघांत मात्र कायद्याशिवायही जमू शकतं. एकाने १२ तुकड्यांचे जवळजवळचे जुळवून चार वाटे करायचे, बाकीच्यांनी चिठ्ठीच्या क्रमाने उचलायचे, आणि वाटे करणाऱ्याने उरलेला घ्यायचा. उरलेलाच पदरात पडणार म्हटल्यावर तो एकही वाटा हलका ठेवणार नाही.