उटीला जाताना वाटेत केरळातल्या निलंबूरला थांबावं का? सागाच्या झाडांत पाहण्यासारखं काय आहे?

थांबाच, आणि जमलं तर एक रात्र मुक्काम करा. गाडी थेट घाट चढली, तर निलंबूर म्हणजे चहाचा थांबा एवढंच लक्षात राहील.

शक्य असेल तर शोरनूरहून रेल्वेने या. साधारण ६६ किलोमीटरची एकेरी लाइन आहे. १९२७ साली सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धात रूळ उखडून नेले, १९५४ मध्ये पुन्हा टाकले. बराच वेळ दोन्ही अंगांनी सागच साग. खिडकी सोडू नका.

उतरलात की आधी कॉनोली प्लॉट. मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी १८४०च्या दशकात इथे साग लावून घेतला, कारण जहाजांसाठी तोडून तोडून रान विरळ झालं होतं. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' मलबारच्याच सागाचं. ते जहाज इंग्लंडात आजही तरंगतंय! पण सागाचं बी टणक कवचाचं, सहजी रुजत नाही. सुरुवातीचे प्रयत्न वाया गेले. ते रुजवून दाखवलं कॉनोलींच्या हाताखालचे वन अधिकारी चातू मेनन यांनी. प्लॉटला नाव कॉनोलींचं असलं तरी त्या झाडांखाली उभं राहिल्यावर मला मेननच आठवत राहिले. बुंधे कवेत मावत नाहीत, आणि ही सगळी माणसाच्या हातची लागवड आहे.

शेजारून चालियार नदी वाहते. ओंडके हत्तींनी ओढून काठावर आणायचे आणि नदीतून कोझिकोडजवळच्या कल्लायीच्या वखारींपर्यंत सोडायचे. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून तोडण्याआधी बुंध्याभोवतीची साल कड्यासारखी काढून झाड उभ्यानेच वाळवायचे. हे कळल्यावर त्या नदीकडे मी वेगळ्याच नजरेने पाहिलं.

गुडलूर रस्त्यावरचं सागाचं संग्रहालय तुमच्या वाटेवरच आहे. दोन तास काढा, घाई करू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ असते, झाडं उघडी दिसतात. मी पाऊस ओसरताना गेलो होतो. वाटेवरच्या एका रोपाचं कोवळं पान हातावर चुरडलं, तर तळवा कुंकवासारखा लाल झाला. आईला तो हात दाखवला, तर ती आधी घाबरली, आणि मग तिनेही एक पान मागून घेतलं.