एका वेळी एक

प्रिय,

तुझं पत्र आणि तू घडवलेल्या पाचव्या वेकसर्फ बोर्डाचे, बोटीमागच्या लाटेवर उभं राहायच्या बोर्डाचे, फोटो मिळाले. फोटो छान आलेत. कार्बनच्या कापडाची वीण दिसते, टेलची, मागच्या टोकाची, कड चमकते. बोर्ड कसा आहे हे मात्र त्यांतून काही कळत नाही.

तू लिहितेस, "चौथ्यापेक्षा वेगवान आहे, पण वळताना टेल निसटते, आणि एकदा पॉकेटमधून, लाट ढकलते त्या जागेतून, मागे पडलं की परत पुढे येता येत नाही. काय चुकलं?" त्याच्याखाली यादी आहे. टेल पाऊण इंचाने अरुंद केली. नोजचा, पुढच्या टोकाचा, रॉकर म्हणजे तळाचा बाक कमी केला. काचेच्या कापडाऐवजी कार्बन घातला, तोही पहिल्यांदाच व्हॅक्यूम बॅग लावून, हवा ओढून दाबत. तळाला दोन फिन्स, पाण्यात धरणारी पाती, होत्या तिथे तीन बसवल्या.

मला काय माहीत काय चुकलं! आणि तुला तरी कसं कळणार? चार दारं एकदम उघडलीस आणि आता विचारतेस वारा कुठून आला.

एका वेळी एक बदल. हे मी तुला पहिल्या भेटीत सांगितलं होतं आणि तू मान डोलावली होतीस. सगळेच डोलावतात. इतकं साधं वाक्य आहे की ते पाळायची गरजच वाटत नाही कुणाला. मलाही वाटत नव्हती. त्याची किंमत काय पडली ते आधी ऐक.

मी शेपिंगला, बोर्ड घडवायला, लागून नऊ-दहा वर्षं झाली होती. हात बसला होता, म्हणजे बसला असं मला वाटत होतं. एका रायडरसाठी ४ फूट ८ इंचाचा बोर्ड केला. टेलचा रॉकर जरा सपाट केला, फिन्स अर्धा इंच मागे सरकवल्या, आणि नेहमीचा फोम संपला होता म्हणून दुसरा आणला, त्याची घनता थोडी जास्त होती. तीन बदल. वहीत एकही नाही. रॉकर डोळ्याने धरला होता, फोमचं वजन केलंच नव्हतं.

तो बोर्ड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. रायडर लाटेवर इतका मागे राहायचा की आम्ही बोटीतले म्हणायचो, आता हा गेला. आणि तो पुढच्या पायावर नुसता भार टाकून परत पॉकेटमध्ये यायचा. दुसऱ्या मोसमात फिन बॉक्सपाशी, फिन बसते त्या खाचेपाशी, तडा गेला, आत पाणी शिरलं, बोर्ड संपला. तो म्हणाला, "अगदी असाच दुसरा करून दे."

चार केले. एकही तसा झाला नाही. चौथा देताना मी त्याला सांगितलं, "हा तोच आहे, मापाला माप." माप माझ्याकडे नव्हतंच. तो पाण्यात उतरला, दोन फेऱ्या केल्या, वर आला, बोर्ड गवतावर ठेवला आणि टॉवेल घेऊन निघून गेला. एक शब्द बोलला नाही. माझ्याकडून पुन्हा बोर्डही घेतला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतर मी तो तडकलेला बोर्ड करवतीने कापून फोमचे तुकडे तोलले, रॉकर मोजायचा प्रयत्न केला. पाणी प्यालेल्या फोमचं वजन काय सांगणार? माझा आयुष्यातला सगळ्यात चांगला बोर्ड कशामुळे चांगला होता, हे मला आजही ठाऊक नाही.

म्हणून तुझ्यावर चिडतो. मनावर घेऊ नकोस. किंवा घे.

तुला एक गोष्ट दिसत नाहीये, आणि ती मलाही फार उशिरा दिसली. समुद्रावरच्या शेपरला एकच लाट दोनदा मिळत नाही. भरती, वारा, तळाची वाळू, सगळं बदलत असतं. त्याचा बोर्ड आज चालला आणि उद्या नाही चालला, तर दोष बोर्डाचा की लाटेचा हे त्याने कसं ठरवायचं? आपल्याला लाट बोट देते. बॅलस्टच्या, बोट जड करायच्या पाण्याच्या, टाक्या तेवढ्याच भरल्या, माणसं त्याच जागी बसवली, वेग तोच धरला आणि पाणी पुरेसं खोल असलं, की लाट परत तीच. परवाची लाट आज पुन्हा मागवता येते. सर्फबोर्ड घडवणाऱ्यांच्या पिढ्यांना जे मिळालं नाही ते तुला आयतं मिळालंय, आणि तू बोर्डातच चार गोष्टी बदलून ते पाण्यात घालवतेस.

अर्थात तीच लाट म्हणजे खरोखर तीच हवी. बोटीमागची लाट बोटीच्याच वेगाने चालते, म्हणून तर दोर सोडून तिच्यावर उभं राहता येतं. खोल पाण्यात लाटेची लांबी वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी साडेसतरा-अठरा किलोमीटरला दोन शिखरांत साधारण १५-१६ मीटर अंतर पडतं. वेग ५ टक्के वाढला की लांबी १० टक्क्यांनी वाढते आणि चढ पसरट होतो. म्हणजे चालवणाऱ्याने 'किंचित' वाढवलं तर तू दुसऱ्याच लाटेवर असतेस आणि मला लिहितेस की बोर्ड वेगवान आहे. चाचणीच्या मध्ये कुणी उठून खाण्याचा डबा आणायला पुढे गेलं तरी लाट हलते. सगळ्यांना जागा नेमून दे. लोक हसतील. माझ्यावरही हसायचे. (आणि नोंदी करायला बोटीच्या मागच्या कडेवर बसू नकोस. इंजिनाचा धूर तिथेच रेंगाळतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

आता तुझ्या बोर्डाकडे येतो. दोनाच्या तीन फिन्स केल्यावर टेलची पकड वाढायला हवी, आणि तुझी कमी झाली. म्हणजे मला शंका येते ती रेलच्या, बोर्डाच्या बाजूच्या, कडेची. शेवटच्या फूटभरात तळाची कड धारदार लागते, पाणी तिथून सुटायला हवं. कड गोल राहिली तर पाणी तिला लपेटून वर चढतं. कार्बन जाड रेलवरून दुमडला, वर रेझिनचा थर दिला, मग पॉलिश पेपरने घासताना हात जरा सैल पडला, की ती कड गेली. शिवाय अरुंद टेलला उचल कमी, म्हणून मागे पडल्यावर ती पुढे येत नसेल. किंवा व्हॅक्यूमने रॉकरच बदलला असेल. ब्लँकला, फोमच्या गाभ्याला, खालून रॉकरच्या आकाराचा नीट आधार नसला तर बॅगेचा दाब तो सपाट करतो किंवा वाकवतो, आणि रेझिन तसंच घट्ट होतं.

बघ, मीसुद्धा अंदाज बांधत बसलो. पाच ओळींत तीन कारणं, आणि सगळी पटण्यासारखी. पटणारी कारणं हवी तेवढी मिळतात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

म्हणून नवा बोर्ड करायला घेऊ नकोस. लांब सरळ पट्टी घे, तळावर मधोमध धर, नोजपाशी आणि टेलपाशी किती फट पडते ते मोज, दोन्ही टोकांपासून फूटभर आतही मोज. चौथ्या बोर्डाचीही तीच मापं घे. कापड चढवण्याआधीची मापं तुझ्याकडे नसतील. नाहीत ना? पुढच्या वेळी आधी आणि नंतर, दोन्ही. मग चौथ्याच्या दोन फिन्स काढून पाचव्यात बसव आणि मधली काढून ठेव. बदलत्या फिन्सचे बॉक्स याचसाठी असतात. सगळ्यात स्वस्त बदल आधी करायचा, आणि फिन हा एका स्क्रूचा बदल आहे. तेवढंच घेऊन पाण्यात उतर. टेल तरीही निसटली तर फिन्सचा विषय मिटला. मग कड. ती नंतर.

तू म्हणशील, खरंतर तू लिहिलंच आहेस, की मोठे शेपर अशी मुंगीची पावलं टाकत नाहीत, ते झेप घेतात. ऑस्ट्रेलियाचा सर्फर-शेपर सायमन अँडरसन, त्याचं उदाहरण दिलंस. १९८० साली त्याने एका दोन-फिनच्या बोर्डावर मागे बसवलेली छोटी तिसरी फिन पाहिली, तिन्ही सारख्या आकाराच्या करून बघितल्या, आणि १९८१ साली तसल्या बोर्डावर ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा जिंकली. हो, झेपच. पण ती झेप घेण्याआधी त्याच्या पायांखालून किती बोर्ड गेले होते? दोन फिन्सवर आपल्याला नेमकं काय टोचतंय हे त्याला ठाऊक होतं. तुझ्या पाचव्या बोर्डाला चौथ्याचं नेमकं काय टोचत होतं, एका वाक्यात लिहून दाखव. मला पत्रात ते सापडलं नाही.

असिमेट्रिकल बोर्डाबद्दल तू दोन पानं लिहिलीस. कल्पना चांगली आहे आणि ती आपल्याच खेळाला सगळ्यात जास्त शोभते. रायडर बहुतेक वेळ लाटेकडे तोंड करून, बोटीच्या एकाच बाजूला असतो; त्याच्या बोटांकडची रेल लाटेत असते आणि टाचेकडची मोकळी. दोन्ही कडा सारख्या असाव्यात असा काही नियम नाही. मी स्वतः दोनदा केलंय. पण आत्ता नाही! तुला अजून सममित बोर्ड कळायचाय. करशील तेव्हा फक्त टाचेकडची रेल बदल. टेल नको, फिन नको. फक्त रेल.

आता कुणीतरी शहाणा तुला सांगेल की एकच बदल असं काही नसतंच. बरोबर आहे त्याचं. रॉकर बदलला की जाडी कुठेतरी सरकते. काचेऐवजी कार्बन आला की वजन बदलतं आणि ताठपणाही. कार्बनवर पाय टेकल्यावर बोर्ड बोलायचा थांबतो, असं मी म्हणतो, ते तुला पहिल्या फेरीतच जाणवलं असेल. फोम तोच म्हणून घेतला तरी दोन ब्लँकचं वजन सारखं भरत नाही. हे सगळं मला मान्य आहे. तरी मी म्हणतो, एक. बदल हजार होतील, निर्णय एकच हवा. बाकीचे जे आपोआप झाले ते मोजून लिहायचे. फोमचं वजन, कापडाचं, रेझिनचं, तयार बोर्डाचं. आणि खोलीचं तापमान.

तापमानावरून आठवलं. दोन वर्षं माझ्या बोर्डांवर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे यायचे. सगळ्या नाही, काही बोर्डांवर. मी तीन वेगवेगळी रेझिन्स वापरून पाहिली, विकणाऱ्याशी भांडलो, हार्डनरचं प्रमाण बदललं, कापड बदललं. कारण निघालं घड्याळात. सकाळी लॅमिनेट करायला, फोमवर कापड आणि रेझिन चढवायला, घ्यायचो तेव्हा ऊन चढत जायचं, शेड तापायची, ईपीएस, म्हणजे थर्माकोलसारख्या, फोमच्या मण्यांमधली हवा प्रसरण पावून ओल्या रेझिनमधून वर यायची. संध्याकाळी, तापमान उतरताना केलेले बोर्ड स्वच्छ निघायचे. माझ्या वहीत वेळेचा रकाना नव्हता. दोन वर्षं! त्या विक्रेत्याची मी कधी माफी मागितली नाही, तेही लिहून ठेवतो इथे.

शेवटी तुझा यंत्राचा प्रश्न. ब्लँक हाताने रंधायचा की संगणकावर आकार काढून यंत्राकडून कापून घ्यायचा? मी हाताने करतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि तू मला विचारलंस तेव्हा उत्तर अपेक्षितच होतं तुला. पण या पत्रात मी स्वतःच स्वतःला अडकवून घेतलंय. यंत्र कालचाच आकार आज परत कापतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असेल, तर बाकीच्या जागच्या जागी धरून ठेवायला त्याच्याइतका चांगला मदतनीस नाही. माझ्याकडे ते असतं तर त्या रायडरशी मला खोटं बोलावं लागलं नसतं. तू वापर. खुशाल वापर.

मी का नाही वापरत? हाताने करताना एका बोर्डाला दिवस लागतात, आणि दिवस लागले की माणूस उगाच चार कल्पना एकदम घालत नाही, असं मी लोकांना सांगतो. ते पूर्ण खरं नाही. तुझे चारही बदल हातानेच झाले आहेत. रंध्याखाली फोमची पापुद्री निघते तो आवाज मला आवडतो, एवढंच. आणि आता या वयात पडद्यावर वक्ररेषा ओढायला शिकताना तुझ्यासारख्या पोरीसमोर अडाणी दिसायचं नाही. ज्याला जे म्हणायचं ते म्हणो. माझा हट्ट तू उचलू नकोस, तुझे तुला पुरेसे आहेत.

कालच घोडीवर एक ब्लँक घेतला होता. फक्त टेलचा रॉकर बदलायचा, असं वहीत वर लिहून ठेवलं होतं. रात्री दिवा मालवायला गेलो तर हात आपसूक रेलकडे गेला, तिथे दोन-तीन फटके मारून झाले तेव्हा कळलं. त्या वाक्याखाली दुसरं वाक्य लिहिलं आणि झोपलो.

रविवारी पाणी शांत असेल तर जा. चौथ्याच्या फिन्स, पाचवा बोर्ड, तीच बोट, तेवढंच पाणी टाक्यांत, चालवणाराही तोच. पाच फेऱ्या चौथ्यावर, पाच पाचव्यावर, मग पुन्हा दोन चौथ्यावर, कारण दहा फेऱ्यांनंतर पाय थकतात आणि दोष बोर्डाला लागतो. प्रत्येक फेरीनंतर एक ओळ. संध्याकाळी मला वहीचं पान पाठव. फोटो नकोत.

तुझा,
चिडका म्हातारा